टाचेचा हिरवा धागा

१

आमच्या नॉर्वेत ईस्टरच्या सुट्टीत लोक डोंगरात जातात, उन्हात पाय पसरून संत्री सोलतात आणि खुनाच्या गोष्टी वाचतात. का, ते मला विचारू नका. माझे आजोबाही वाचायचे. त्या वर्षी मात्र आमच्या स्कारदाल गावात पुस्तकं मिटलेलीच राहिली, कारण शुक्रवारी सकाळी बचाव पथकाने हाल्वोरला खाली आणलं.

गुरुवारी तो डोंगरातल्या मुक्कामाच्या खोपीतून एकटाच गावाकडे निघाला होता. वाटेत वादळ आलं. खोपीपासून चार किलोमीटरवर, खिंडीच्या तोंडाशी तो सापडला. एक स्की पायात होती. दुसरी दोनतीनशे पावलं मागे, बर्फात रुतलेली. तिच्या पकडीत बुटाचा सोल तसाच घट्ट बसलेला होता. नुसता सोल. वरचा बूट हाल्वोरच्या पायात होता, आणि त्याच्या तळातून ओला मोजा बाहेर आला होता. गुडघाभर बर्फात, एका स्कीवर माणूस किती जाईल? तो जेवढा गेला तेवढंच पुष्कळ.

मी ओड्वार. गावात स्की आणि बुटांचं दुकान चालवतो. विकतो कमी, दुरुस्त जास्त. चौतीस वर्षं झाली. म्हणून सभागृहातल्या लांब टेबलावर त्याला ठेवल्यावर पथकातल्या पोरांनी मलाच हाक मारली. बुटांच्या नाड्या गोठून लोखंड झाल्या होत्या.

"ओड्वार, चाकू असतो ना तुझ्याकडे? तू काढ. आम्ही दारात थांबतो, योरुन येतेय."

योरुन म्हणजे हाल्वोरची बायको. पोरं दाराकडे गेली. मी नाड्या कापल्या, बूट उतरवून वर्तमानपत्रावर ठेवले, चाकू मिटून खिशात टाकला. त्या दोन मिनिटांत मी तिथे एकटा होतो. हे लक्षात ठेवा. मला तर विसरताच येत नाही.

योरुन आली. रडली नाही. नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला, मग बूट उचलून उलटेपालटे केले. टाचेमागची चामड्याची वादी दोन बोटांत धरून ती बराच वेळ बघत राहिली.

"हे त्याचे बूट नाहीत," ती म्हणाली. "त्याच्या बुटांना हिरवा धागा होता. ह्यांना नाहीये. हे स्टाइनारचे बूट आहेत. त्याने बदललेत."

२

धाग्याचं सांगायला हवं. ईस्टरची सुट्टी लागण्याआधीच्या शनिवारी आमचं सगळं गाव आपापल्या स्की आणि बूट घेऊन सभागृहात जमतं. बायाबाप्ये वॅफल भाजतात, कॉफी उकळते आणि मी टेबलामागे बसून एकेक जोड तपासतो. फुकट. जो जोड कसोटीला उतरला त्याच्या टाचेच्या वादीला मी लोकरीचा धागा बांधतो. दरवर्षी रंग वेगळा, म्हणजे गेल्या वर्षीच्या धाग्यावर कुणी डोंगर चढू नये. त्या वर्षी हिरवा होता. तो धागा असला की माणूस निर्धास्त. मला त्याचा अभिमान होता, आणि गर्वाचं घर खाली असतं हे मी दुसऱ्यांना सांगत असे.

हाल्वोर आणि स्टाइनार लहानपणापासूनचे जिवलग. एकोणीस वर्षांपूर्वी एकाच दिवशी माझ्याकडून दोघांनी एकसारखे बूट घेतले. तेच चामडं, तोच त्रेचाळीस नंबर. जाड मोजे घालायला लावून, चवडा पुढे सारून, टाचेमागे एक बोट जातंय ना हे मीच पाहिलं होतं. दोघांच्या स्कीवर पकडही एकच, जुन्या पद्धतीची: पुढे तीन खिळे, त्यावर बुटाच्या सोलची तीन भोकं बसतात आणि वरून दांडी दाबायची.

फरक वापरण्यात होता. स्टाइनार बर्फ पडल्यापासून वितळेपर्यंत तेच बूट घालून हिंडायचा. हाल्वोर वर्षातले आठ दिवस घालायचा आणि बाकीचे दिवस कागदात गुंडाळून तळघरात ठेवायचा. पण दोघेही माझंच डांबर घातलेलं मेण फासायचे, त्यामुळे वरून दोन्ही जोड सारखेच काळेकुट्ट. आणि स्टाइनार माझ्या शनिवारी कधीच येत नसे. "माझे बूट मी रोज तपासतो," तो म्हणायचा, "पायात घालून."

तेव्हा गावाने हिशेब केला तो सरळ होता. मोडतो तो जास्त वापरलेला बूट. जास्त वापरलेला बूट स्टाइनारचा. धागाही नाही. म्हणजे मोडका जोड स्टाइनारचा, आणि हाल्वोरचा धडधाकट जोड स्टाइनारच्या पायात. खोपीत सगळ्यांचे बूट दाराशी शेगडीवर वाळत टांगलेले असतात. बदलायला कितीसा वेळ लागतो? त्यात बुधवारी संध्याकाळी त्याच खोपीत दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, ही बातमीही पसरली. गावात तोंडं थोडी, पण कान पुष्कळ.

आमची फौजदार गीदा. पन्नाशीची, जाड, आणि चौकशीच्या वेळी विणकाम करणारी. सुया चालू असल्या की लोक जास्त बोलतात असं तिचं म्हणणं. सकाळी वादळ निवल्यावर खाली उतरलेल्या स्टाइनारचे बूट तिने दुपारी मागवून घेतले आणि दोन्ही जोड माझ्यापुढे मांडले. धागा कुठल्याच जोडाला नव्हता; हाल्वोरचा धागा स्टाइनारनेच कापून टाकला, असं लोक म्हणत होते.

"ओड्वार, यातला जास्त वापरलेला कुठला?"

मी दोन्ही उलटे करून पाहिले. पाहिल्यासारखं केलं.

"सांगता येत नाही."

"चौतीस वर्षं बूट हाताळतोयस."

"नाही म्हटलं ना. येत नाही सांगता."

तिने मान डोलावली आणि विणकामाचा एक टाका उसवला. मी खोटं बोललो होतो.

३

त्याच संध्याकाळी गीदा मला 'जाणकार म्हणून' स्टाइनारकडे घेऊन गेली. तो स्वयंपाकघरात अंगात कोट घालून बसला होता. चूल थंड होती. टेबलावर पावाचा तुकडा आणि तपकिरी चीज तसंच पडलं होतं.

"या डॉक्टर," तो मला म्हणाला. बुटांचा डॉक्टर म्हणून; एरवी तो हे हसत म्हणायचा.

"बुधवारचं सांग," गीदाने लोकरीचा गुंडा मांडीवर घेतला.

"काय सांगायचं? योरुनचा शुक्रवारी वाढदिवस. तो म्हणाला, मी उद्या उतरतो. मी म्हटलं, वारा फिरलाय, थांब एक दिवस. माघारी फिरण्यात लाज नसते, हे शाळेत शिकलोय आपण. तो म्हणाला, तू म्हातारा झालायस. मग मी…" तो थांबला.

"मग तू काय?"

"मी म्हटलं, जा, मर जा तिकडे." त्याने दोन्ही तळहातांनी तोंड झाकलं. "सकाळी मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलो. निरोपसुद्धा घेतला नाही."

"बूट?"

"मी माझेच घातले. दुसऱ्याच्या बुटात पाय घातला की पहिल्या पावलाला कळतं, गीदा. एकोणीस वर्षांत बूट पायासारखा होतो."

"तुमचं माप एकच आहे."

"मापाचं काय? माझ्या उजव्या करंगळीची गाठ माहितीये ना, ओड्वार? तूच तिथलं चामडं ठोकून सैल केलं होतंस."

मला माहीत होतं. मी ती जागा दुपारी बोटाने चाचपलीही होती. पण मी टेबलावरचं चीज झाकून ठेवलं.

"योरुनने निरोप धाडलाय," तो म्हणाला. "बुधवारी अंत्यविधी. मी शवपेटीला हात लावायचा नाही. आम्ही वीस वर्षांचे असताना एकमेकांना शब्द दिला होता, जो मागे राहील त्याने दुसऱ्याला खांदा द्यायचा. पोलीस काय करायचं ते करू देत, तुरुंगात टाकू देत. पण तेवढं मला करू दे. ओड्वार, तू सांग ना तिला. तुझं ऐकेल ती. तुला तर बूट बघून कळतं सगळं."

मी टोपी उचलून दाराकडे वळलो.

बाहेर आल्यावर गीदा म्हणाली, "उद्या सकाळी दुकान उघडं ठेव."

"ईस्टरच्या शनिवारी?"

"मला बूट घ्यायचेत," ती म्हणाली.

४

ती आली, खुर्चीत बसली आणि पाय पुढे केले. "डोंगरात चालतील, टिकतील आणि चावणार नाहीत असे दे. नीट समजावून सांग. मी अडाणी आहे असं समज."

माझी जीभ अशा वेळी आपोआप सुटते. दुपारी पाय सुजतो, म्हणून बूट दुपारीच घालून बघावा. मोजे जाड घालावेत. टाच उचलली तर बूट टाचेबरोबर यायला हवा. आत टाच घसरली की दहा किलोमीटरवर फोड. चवड्याशी मऊ, घोट्याशी घट्ट. पकडीत बूट बसवून डावीउजवीकडे हलवून बघायचा. नव्या पकडी हलक्या असतात, पण जुनी तीन खिळ्यांची डोंगरात तारेने बांधूनही चालवता येते.

"आणि जुना बूट असेल तर?"

"तो वाकवायचा. चवडा पकडीत अडकवायचा आणि टाच दहा वेळा उचलायची. वरून कितीही चकचकीत असला तरी सोल आतून कुजलेला असला तर चौथ्यापाचव्यांदा करकरतो."

"कुजतो? न वापरता?"

मी थांबलो. पण आता उशीर झाला होता.

"काही सोलांचा आतला थर हवेतली ओल धरतो," मी म्हणालो. "वर्षानुवर्षं तसाच पडला की भुसभुशीत होतो. शिळ्या केकसारखा."

"आणि रोज चालणाऱ्याचा?"

"तो जास्त टिकतो. बहुतेक वेळा."

"म्हणजे जपून ठेवलेला आधी जातो." तिने पिशवीतून दोन्ही जोड काढून काउंटरवर उलटे ठेवले, मोडक्या बुटाशेजारी त्याचा सोल. "मी काल रात्री भिंग लावून बघितलं. ह्या स्टाइनारकडच्या बुटांची तीन भोकं बघ. खिळे घासून घासून लांबट झालीत. आणि हा सोल, पकडीत सापडलेला. भोकं अगदी गोल. हे आठ दिवसवाल्याचं काम आहे. मोडलेला बूट हाल्वोरचाच होता, ओड्वार. कुणी काही बदललं नाही."

मी सोल हातात घेतला आणि पुन्हा काउंटरवर ठेवला.

"शेंबड्या पोरालाही दिसेल असं आहे हे," ती म्हणाली. "तुला काल कसं दिसलं नाही?"

"चष्मा नव्हता."

"तू चष्मा लावत नाहीस, ओड्वार."

५

रविवारी सकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात आली. टेबलावर उकडलेली अंडी होती. मी एकही सोललं नव्हतं. तिने विणकाम काढलं नाही, तेव्हाच मी समजलो.

"सुन्निवा उतरली काल संध्याकाळी," ती म्हणाली. सुन्निवा आमच्या शाळेतली शिक्षिका. बुधवारी तीही त्याच खोपीत होती आणि गुरुवारी पुढच्या खोपीकडे गेली होती. "तिला खाली येईपर्यंत काहीच माहीत नव्हतं. ती म्हणते, निघताना हाल्वोरने दारात पाय वर करून दाखवला. टाचेला हिरवा धागा होता. थट्टा केली, की बायकोच्या अंगठीपेक्षा ह्याचा भरवसा जास्त. आणि खोपीच्या वहीत त्याने हे लिहिलंय."

वरून आणलेली वही तिने माझ्यापुढे सरकवली. हाल्वोरचं अक्षर मोठं, शाळकरी. *'सकाळी दहा. खाली निघालो. वारा आहे. बूट ओड्वारने पास केलेत, तेव्हा डोळे झाकून.'*

मी ते दोनदा वाचलं.

"आता बघ," गीदा हळूच म्हणाली. "खोपीच्या दारात धागा होता. सभागृहात योरुनने पाहिलं तेव्हा नव्हता. लोकरीची गाठ वाऱ्याने सुटत नाही, आणि दोन्ही बुटांची एकदम तर नाहीच. वर त्याला उचलणाऱ्या पोरांनी हातमोजेसुद्धा काढले नव्हते. मग मधे त्या बुटांना कुणी हात लावला? आणि तो धागा नाहीसा व्हावा असं गावात कुणाला वाटेल? स्टाइनारला? धागा गेल्यामुळे तर तो अडकला. धागा नको होता तो फक्त बांधणाऱ्याला." तिने हात पुढे केला. "चाकू दे."

मी दिला. तिने पातं उघडलं. सांध्यात, जिथे पातं मुठीत मिटतं, तिथे हिरव्या लोकरीचं एक बारीकसं कुसळ अडकलं होतं.

मी कोटाच्या खिशातून ते दोन धागे काढून वहीवर ठेवले. तीन दिवस ते माझ्याबरोबरच होते. फेकायचीही हिंमत झाली नव्हती.

"एकशे चाळीस जोड होते त्या शनिवारी," मी म्हणालो. "हाल्वोर शेवटी आला. त्याने विचारलं, एकोणीस वर्षं झाली, नवे घेऊ का? नवा जोड दुकानात होता, गीदा. त्याच्या मापाचा. मी हसलो. म्हटलं, टिकाऊ म्हणजे काय ते हे बूट, तुझ्यापेक्षा जास्त टिकतील. चकचकीत दिसत होते. माझी कॉफी निवत होती. मी वाकवून बघितले नाहीत. धागा बांधला."

"आणि शुक्रवारी?"

"भुगा दिसला सोलचा. लगेच कळलं. आणि त्यावर माझाच धागा. हात आपोआप गेला."

"कापताना स्टाइनारचा विचार केलास?"

"नाही. धागाच दिसत होता."

"नंतर?"

"नंतर केला. रोज केला. आणि गप्प बसलो." हे बोलताना मला स्वतःची किळस आली. चूक माणसाकडून होते; पण मित्राच्या मढ्यापाशी उभं राहून मी आधी स्वतःचं नाव वाचवलं, आणि त्यासाठी दुसऱ्या मित्राचं जाऊ दिलं.

गीदाने धागे पाकिटात घातले. "पुरावा नाहीसा केलास, ते मला लिहावं लागेल. त्याचं व्हायचं ते होईल. पण बुधवारी अंत्यविधी आहे. योरुनला तू सांगतोस की मी?"

६

मीच गेलो. योरुनने दार उघडलं, आत बोलावलं नाही. मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं. कॉफी निवत होती तेही. मग ती म्हणाली, "किती वेळ लागला असता?"

"कशाला?"

"वाकवून बघायला."

"अर्धं मिनिट."

तिने मान हलवली, बाजारात भाव ऐकून घ्यावा तशी, आणि दार लावून घेतलं.

बुधवारी पेटीच्या पुढच्या डाव्या बाजूला स्टाइनार होता. योरुनने स्वतः त्याचा हात धरून त्याला तिथे उभं केलं, असं मला नंतर कळलं. मी चर्चच्या भिंतीबाहेर उभा होतो. कुणी आत ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. आमच्याकडे रागाची हीच रीत आहे. कोर्टाची शिक्षा त्यापुढे काहीच नव्हती. ती निदान कागदावर संपली.

पुढच्या वर्षी मी शनिवार करायचा नाही असं ठरवलं. मार्चमध्ये स्टाइनार दुकानात आला. वर्षभर माझ्याशी बोलला नव्हता.

"शनिवारी सभागृहात ये."

"मी? आता?"

"दुसऱ्या कुणाला येतंय का ते काम? डोंगर काय तुझ्या लाजेसाठी थांबणार आहे?" तो दाराशी वळला. "मी माझे आणतोय. नीट बघ."

गेलो. निळ्या लोकरीचा गुंडा नेला होता. रांग होती, पण गप्पा नव्हत्या. पहिलीच योरुन होती. तिने आपले बूट टेबलावर ठेवले, कोट न काढता समोर उभी राहिली आणि माझ्या हातांकडे बघू लागली.

मी चवडा पकडीत अडकवला आणि टाच उचलली.

"एक," ती म्हणाली.

ती मोठ्याने मोजत होती. मागची रांग ऐकत होती. दोन, तीन, चार. तिचा आवाज कुठेही हलला नाही. दहा झाल्यावर तिने दुसरा बूट पुढे सरकवला आणि पुन्हा एकपासून सुरू केलं. सोल चांगले होते. कुठे करकरले नाहीत.

मी निळा धागा तोडायला चाकू उघडला.

"धागा नको," ती म्हणाली. बूट उचलून काखेत घेतले आणि निघून गेली.

त्या दिवशी मी एकशे एकवीस जोड वाकवले, प्रत्येक दहा वेळा. धागा मात्र कुणालाच बांधला नाही, आणि कुणी मागितलाही नाही.